एएमव्हीसाठी कापलेल्या ६४० क्लिप्स सापडत नाहीत, फोल्डर कसे लावू? माझं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एएमव्ही, म्हणजे अ‍ॅनिमेचे शॉट गाण्यावर जोडून केलेला फॅन व्हिडिओ, करायचाय. २४ भागांची एक अ‍ॅनिमे सिरीज, साडेतीन मिनिटांचं गाणं, सगळे भाग बघून ६४० क्लिप्स कापून वेगळ्या फाइल्स केल्यात, हिरोचा फोल्डर, हिरोइनचा फोल्डर, व्हिलनचा फोल्डर असं लावलंय, आणि आता एडिटला बसलं की हवी ती क्लिप सापडत नाही, 'इथेच कुठेतरी होती' म्हणत रात्र जाते. विचारलंय की फोल्डर कॅरॅक्टरप्रमाणे ठेवू, एपिसोडप्रमाणे ठेवू का मूडप्रमाणे, आणि यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं का. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, बाहेरची डिस्क १ टीबीची. कॉलेजला आहेस असं लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, चालवून घे.

मी पोटापाण्यासाठी सिरियलचे प्रोमो आणि सीझनमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, फॅन व्हिडिओ हा जुना नाद. प्रोमोमध्येही हीच बोंब असते, ढीगभर फुटेज आणि त्यातून तीस सेकंद, त्यामुळे खाली जे लिहितोय ते दोन्हीकडे वापरलेलं आहे.

आधी तुझा आकडा बघू. २४ भाग गुणिले साधारण २४ मिनिटं म्हणजे ५७६ मिनिटं. त्यातून साडेतीन मिनिटं, म्हणजे दर १६५ मिनिटांतलं एक मिनिट. शॉट सरासरी दोन सेकंद धरला तर गाण्याला साधारण १०५ शॉट लागतील, दीड धरला तर १४०. तू ६४० काढल्यास, म्हणजे एका जागेला पाच-सहा उमेदवार. हे काही जास्त नाही, उलट व्यवस्थित आहे. तेव्हा 'मी खूपच क्लिप्स काढल्या का' ही जी भीती लिहिलीयस ती सोडून दे. आकडा बरोबर आहे, त्या शोधायचा रस्ता चुकलाय.

रस्ता चुकलाय म्हणजे काय, तर एडिट करताना डोक्यात जो प्रश्न येतो तो आठवून बघ. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ज्या पट्टीवर क्लिप्स ओळीने लावतो तिच्यावर, गाणं आहे, ड्रमचा एक जोरदार ठोका येतोय, आणि तुला काय हवं असतं? 'सातव्या भागातलं काहीतरी' असं कधीच हवं नसतं. 'हिरोइनचं काहीतरी' असंही क्वचितच. हवं असतं ते असं, की कुणीतरी झटकन मान वळवून डावीकडे बघतंय, किंवा काहीतरी जमिनीवर आदळतंय, किंवा एक लांबचा शांत शॉट पाहिजे ज्याच्यात काहीच घडत नाही. आणि तुझ्या हिरोइनच्या फोल्डरमध्ये दोनशे क्लिप्स आहेत ज्यांची नावं क्लिप शून्य-शून्य-एकपासून सुरू होतात. किराणा दुकानदार माल कुठल्या ट्रकमधून आला त्याप्रमाणे फळीवर लावत नाही, गिऱ्हाईक काय मागतं त्याप्रमाणे लावतो. इथे गिऱ्हाईक म्हणजे गाणं.

आणि फोल्डरची मूळ अडचण अशी की एका फाइलला एकच घर मिळतं. हिरोइन रात्री पावसात डावीकडे पळतेय, ही क्लिप कुठे टाकणार? हिरोइनमध्ये, पावसात, रात्रीत का पळण्यात? चारही ठिकाणी हवी. चार कॉप्या केल्या तर डिस्क भरते आणि कुठली वापरली ते कळत नाही. म्हणून 'कॅरॅक्टर का एपिसोड का मूड' याला माझं उत्तर असं की फोल्डर फक्त एपिसोडप्रमाणे, तोही मूळ फाइल्सचा, आणि बाकी सगळं टॅग (क्लिपला चिकटवलेले शोधायचे शब्द) आणि मार्कर (एखाद्या फ्रेमवर लावलेली खूण) यांनी.

आता हे सगळ्यांना लागू आहे का, तर नाही. एकाच सिनेमावर एक मिनिटाचं रील करायचं असेल तर यातलं काहीही करू नकोस, सिनेमा टाइमलाइनवर टाक आणि काप. मोबाइलवर एडिट करणाऱ्यांकडे टॅग वगैरे नसतंच फारसं, त्यांना क्लिप कापून वेगळी फाइल करण्यावाचून इलाज नाही, तिथे सगळा खेळ नाव देण्यावर येतो. गाण्यावरही अवलंबून आहे, गोष्ट सांगणारा व्हिडिओ असेल तर घटनांचा क्रम महत्त्वाचा, नुसता ठेक्यावर नाचणारा असेल तर हालचाल महत्त्वाची. आणि काही लोकांची स्मरणशक्ती अशी असते की आख्खी सिरीज डोक्यात टाइमकोडसकट, म्हणजे कितव्या मिनिट-सेकंदाला काय आहे यासकट, बसलेली असते. तू तसा असतास तर हा प्रश्न विचारला नसतास.

पहिली मोठी गोष्ट, क्लिप्स कापून वेगळ्या फाइल्स करणं बंद कर. मला माहितीये की बऱ्याच ट्युटोरियल्समध्ये हेच सांगतात, पण ते का नको ते ऐक. एक म्हणजे तू क्लिप जिथे कापलीस त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेम गेली. पुढे क्रॉसफेड करायचा, म्हणजे एक शॉट दुसऱ्यात विरघळवायचा म्हटलं तर दोन्ही बाजूंना दहा-बारा फ्रेम जास्तीच्या लागतात, एडिटर लोक त्याला हँडल म्हणतात, ते तुझ्याकडे नाहीत. दुसरं, ती क्लिप कुठल्या भागातल्या कितव्या मिनिटाची हा माग पुसला जातो, त्यामुळे 'याच्या लगेच पुढचा शॉट बघू' हे करता येत नाही, आणि खरं सांगतो, मिळालेल्या शॉटपेक्षा त्याच्या शेजारचा शॉट जास्त चांगला निघतो असं फार वेळा होतं. तिसरं टेक्निकल आहे. एच २६४ किंवा एचईव्हीसी या नेहमीच्या पद्धतींनी कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते जिला कीफ्रेम म्हणतात आणि बाकीच्या फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच असतं. त्यामुळे लॉसलेसकटसारख्या टूलने रीएन्कोड (व्हिडिओ परत नव्याने कॉम्प्रेस करणं) न करता कापलं की कट कीफ्रेमवर बसतो, तुला हवा तिथे नाही, सुरुवातीला नको असलेला शेपटा येतो. आणि बरोबर फ्रेमवर कापायचं तर रीएन्कोड करावं लागतं, म्हणजे क्वालिटी एकदा उतरली, मग फायनल एक्सपोर्टला परत, मग अपलोड केल्यावर साइट परत कॉम्प्रेस करणार. अ‍ॅनिमेमध्ये आकाशाचे सपाट ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारे रंग असतात, तिथे पट्टे दिसायला लागतात लगेच.

त्यापेक्षा आख्खे भाग प्रोजेक्टमध्ये घे आणि आतल्या आत मार्कर, सबक्लिप किंवा झोन बनव. जवळपास सगळ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हे आहे, नावं वेगवेगळी. मूळ फाइल जागची हलत नाही, तू फक्त 'इथून इथपर्यंत' एवढी नोंद करतोस.

'पण आख्खे भाग घेतले की लॅपटॉप अडकतो' असं तू म्हणणार, आणि बरोबर आहे, कारण वर सांगितलं तेच, एका फ्रेमवर थांबायचं तर कॉम्प्युटरला मागच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं, त्यामुळे मागेपुढे करताना तो हापकतो. याचा इलाज प्रॉक्सी. प्रत्येक भागाची एक हलकी कॉपी अशा कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) बनवायची जिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, उदाहरणार्थ डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सी. १०८०पीला २४ फ्रेमवर हे दोन्ही साधारण ३६ मेगाबिट प्रति सेकंद पडतात, म्हणजे तासाला १६ जीबीच्या आसपास, तुझ्या साडेनऊ तासांना दीडशे जीबी. १ टीबीच्या डिस्कवर आरामात बसतं. रिझोल्यूशन अर्ध केलंस तर त्याच्याही पाव. फायनल एक्सपोर्टला सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल वापरतं. त्याउलट सगळं पूर्ण प्रोरेस ४२२ करत बसलास तर तासाला ५० जीबीच्या वर जाईल आणि पाचशे जीबी त्यातच संपतील, उगाच. प्रॉक्सी रात्री लावून झोप, सकाळी तयार.

सॉफ्टवेअरचं विचारलंयस तर वेगळं काही घ्यायची गरज नाही. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये कीवर्ड आणि स्मार्ट बिन (कीवर्डप्रमाणे आपोआप भरणारे फोल्डर) आहेत, पण त्याला मुळात १६ जीबी रॅम हवी असते, ८ वर तो तुला रडवेल. केडेनलाइव्ह फुकट आहे, हलकं आहे, त्यात प्रॉक्सी आहेत, रंगीत टॅग आहेत, झोन सेव्ह करता येतात, तुझ्या मशीनला तेच बरं. आणि यातलं काहीच नको असेल तर साधी एक्सेल शीट सुद्धा चालते, खोटं नाही सांगत. भाग, टाइमकोड, कोण, काय करतंय, दिशा, शेरा. एवढे कॉलम आणि वर फिल्टर. हा छंद कॉम्प्युटरच्या आधीचा आहे, अमेरिकेत १९७५ मध्ये कँडी फाँग यांनी एका टीव्ही मालिकेच्या स्लाइड्स गाण्यावर प्रोजेक्टरने दाखवल्या तिथून फॅन व्हिडिओची सुरुवात धरतात, आणि पहिला एएमव्ही १९८२ मध्ये जिम कपोस्टास यांनी दोन व्हीसीआर जोडून केला असं मानतात. व्हीसीआरवर तर क्लिप मध्ये घुसवायची सोयच नाही, पहिल्या शॉटपासून शेवटच्यापर्यंत क्रमाने रेकॉर्ड करत जायचं, त्यामुळे कुठली क्लिप टेपवर कुठे आहे हे आधी ठरलेलं नसेल तर काम पुढे सरकणारच नाही. आपल्याला अनडू मिळालंय म्हणून आपण आळशी झालोय एवढंच.

आता मार्कर लावायच्या आधीचं काम, जे कंटाळवाणं आहे पण केलंच पाहिजे. सगळे भाग एकाच रिलीजचे घे. टीव्हीवर दाखवलेलं व्हर्जन आणि ब्लू-रे व्हर्जन यांच्यात शॉट सुधारलेले असतात, कधी लांबी बदलते, मध्येच फाइल बदललीस तर सगळे टाइमकोड सरकतात. सबटायटल चित्रातच छापलेली फाइल घेऊ नकोस, खालचा भाग झाकायला मग झूम करत बसशील. फाइलच्या नावात भागाचा आकडा दोन अंकी ठेव, सातवा भाग म्हणजे शून्य-सात, नाहीतर लिस्टमध्ये १ नंतर थेट १० येतो. नावात स्पेस नको आणि रोमन अक्षरं वापर, मराठी नावं दिसायला छान दिसतात पण काही जुनी टूल्स त्यावर अडखळतात.

फ्रेमरेट सगळ्यात महत्त्वाचा. तुझी अ‍ॅनिमे बहुतेक सेकंदाला २३.९७६ फ्रेमची असेल, टाइमलाइन तीच ठेव, सॉफ्टवेअर डीफॉल्टला ३० किंवा २५ वर सोडू नकोस, बऱ्याच ठिकाणी टाइमलाइन एकदा बनली की तिचा फ्रेमरेट बदलता येत नाही. चुकीच्या रेटवर कॅमेरा हळूहळू सरकणारे शॉट झटके खातात, आणि तो झटका एकदा दिसला की परत परत तोच दिसतो. आपल्याकडच्या सिरियल किंवा डीव्हीडीवरून करणारे वाचत असतील तर त्यांचं फुटेज २५ चं असणार, ते २४ च्या टाइमलाइनवर आणलं तर दर सेकंदाला एक फ्रेम उडते. त्यावर सोपा उपाय म्हणजे क्लिपचा स्पीड ९६ टक्के करायचा, मग फ्रेमला फ्रेम बसते आणि डोळ्याला फरक कळत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग केलेलं असेल तर त्याचा फ्रेमरेट आतल्या आत बदलत असतो, ते आधी कॉन्स्टंट करून घ्यायचं, नाहीतर आज लावलेला मार्कर उद्या दुसऱ्याच फ्रेमवर.

आता खरी मजा. भाग बघायच्या आधी गाणं पाठ झालेलं पाहिजे. मी गाण्याचा नकाशा कागदावर काढतो, मुखडा कुठे, अंतरा कुठे, मधलं म्युझिक किती, कुठे सगळी वाद्यं थांबतात, कुठे आवाज चढतो. मग गाण्याच्या प्रत्येक तुकड्यासमोर एकच वाक्य लिहितो, 'इथे बघणाऱ्याला काय वाटलं पाहिजे'. हे झाल्याशिवाय क्लिप बघायला बसलं की सगळंच चांगलं वाटतं, आणि तुझ्या ६४० मध्ये बऱ्याच क्लिप्स तशा असणार, की सीन आवडता आहे म्हणून घेतली, या गाण्यात तिला काम काहीच नाही.

मग भाग म्यूट करून बघायचे, दीडपट स्पीडने, कानात गाणं लावून. आवाज बंद का, तर डायलॉग ऐकू आला की सीनचा अर्थ डोक्यात शिरतो आणि सीन चांगला म्हणून शॉट चांगला वाटायला लागतो. तुझ्या व्हिडिओत तो डायलॉग नसणारे. नुसत्या चित्रात काय उरतं ते बघायचंय.

मार्कर कुठे लावायचा हे बहुतेक लोक चुकवतात. क्लिपच्या सुरुवातीला लावतात. मी ठोक्याच्या फ्रेमवर लावतो. म्हणजे तलवार आदळते ती फ्रेम, दार धाडकन बंद होतं ती फ्रेम, डोळे उघडतात ती फ्रेम, मान वळून थांबते ती फ्रेम. क्लिप कुठून सुरू होते ते नंतर ठरतं, पण गाण्याच्या ठेक्याशी जुळवायची ती हीच फ्रेम. एकदा हा मार्कर असला की गाण्यावरच्या मार्करला तो चिकटवायचा, झालं, चाचपडत पाच फ्रेम इकडे पाच फ्रेम तिकडे करायचं काम संपलं. थोडं गणित सांगतो. १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर एक बीट अर्ध्या सेकंदाचा, २४ च्या टाइमलाइनवर बरोबर १२ फ्रेम. ९० ला १६ फ्रेम. पण १०० ला होतात १४.४, म्हणजे सगळे शॉट सारख्या लांबीचे कापत गेलास तर हळूहळू ठेका सुटतो, म्हणून लांबी मोजून कापू नकोस, गाण्यावर कानाने आणि वेव्हफॉर्म (आवाजाची चढउतार दाखवणारी आकृती) बघून मार्कर लाव आणि त्यांनाच धर. गाणं दादऱ्याच्या अंगाचं असेल तर सहा मात्रांचं चक्र असतं, तिथे चार-चारचे कट केलेस की विचित्र वाटतं, सम कुठे येते ते ऐकून ठोक्याचे शॉट तिथे ठेव.

अ‍ॅनिमेची अजून एक गंमत, २४ फ्रेम असल्या तरी चित्रं तेवढी नसतात. एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. त्यामुळे एक फ्रेम सरकवून काहीच फरक दिसला नाही तर गोंधळून जाऊ नकोस. ठोक्याचा मार्कर नवीन चित्राच्या पहिल्या फ्रेमवर लाव.

टॅग कुठले लावायचे? माझे ठरलेले प्रकार आहेत. कोण आहे. शॉट किती जवळचा, क्लोज, मिड का वाइड. हालचाल कुठल्या दिशेला, डावीकडे, उजवीकडे, आपल्याकडे येणारी, लांब जाणारी, का स्थिर. आणि काय करतंय, हे नेहमी क्रियापदात. 'दुःखी' असा टॅग मी लावत नाही, कारण दुःखी काय सगळेच असतात, त्या टॅगखाली शंभर क्लिप्स येतात. 'रडते', 'तोंड फिरवते', 'हात सोडते', 'पत्र फाडते' असं लिहिलं की शोधता येतं. शिवाय भावना ही गाणं ठरवतं. हसणारा चेहरा दुःखी ओळीवर ठेवला की तो जास्त दुःखी दिसतो, मग तुझा 'आनंदी' टॅग तुझ्याच आड येतो.

दिशेचा टॅग लोकांना फालतू वाटतो, पण दोन शॉट एकमेकांत वाहत गेल्यासारखे दिसतात ते दिशेमुळेच. एक जण डावीकडून उजवीकडे पळतोय, पुढच्या शॉटमध्ये ट्रेन त्याच दिशेने, पुढच्यात कॅमेरा त्याच दिशेने, बघणाऱ्याला कट जाणवतच नाही. 'दिशा जुळली नाही तर क्लिप आडवी फ्लिप करू' असं म्हणशील, कर, पण त्याच्यासाठी पण मी एक टॅग ठेवतो, 'उलटत नाही'. पाटीवर अक्षरं आहेत, एका गालावर व्रण आहे, केसांचा भांग एका बाजूला आहे, अशा क्लिप्स फ्लिप केल्या की पकडल्या जातात. किमोनो असेल तर अजिबात नाही, जिवंत माणसाचा किमोनो डावी बाजू वर येईल असा गुंडाळतात आणि उजवी वर फक्त मृताला, म्हणजे फ्लिप केल्यावर जाणकार माणसाला भलतंच दिसतं. आपल्याकडच्या सिरियलमध्ये पदर उजव्या खांद्यावर गेलेला काकू लोकांना पहिल्या सेकंदाला दिसतो, कमेंटमध्ये येऊन सांगतात.

अजून एक टॅग जो फक्त याच कामात लागतो, 'तोंड हलतं'. बोलणाऱ्या माणसाचा क्लोजअप गाण्याच्या ओळीवर पडला की तो गातोय असं वाटतं. कधी तेच हवं असतं, ओठ ओळीवर बसवायला मजा येते, पण नको असताना झालं की फार वाईट दिसतं. अ‍ॅनिमेत काही जण ओठांच्या जागी तोंड बंद असलेली फ्रेम मास्क करून (तेवढाच तुकडा वर चिकटवून) टाकतात, कॅमेरा स्थिर असला तर ते सोपं आहे. पण आधी कळायला हवं की कुठल्या क्लिपमध्ये तोंड हलतंय.

शब्द एकदाच ठरव आणि एका कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटव. आज 'पळतो', उद्या 'धावतो', परवा इंग्रजीत 'रनिंग', असं झालं की सर्च अर्ध्याच क्लिप्स दाखवतो आणि तुला वाटतं आहेत त्या एवढ्याच. तीस-चाळीस शब्दांच्या वर जाऊ नकोस, जास्त झाले की लावायचा कंटाळा येतो आणि तीन भागांनंतर सगळं सोडून देतोस. रंगांचंही तेच. रिझॉल्व्हमध्ये मार्करला १६ रंग आहेत म्हणून सगळे वापरायचे नसतात. मी तीनच वापरतो, हा हवाच, हा चालेल, आणि हा भरणी.

भरणीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण नवीन लोकांचं इथेच अडतं. हिरोचे भारी शॉट सगळ्यांकडे भरपूर असतात. व्हिडिओ अडकतो तो दोन तृतीयांश झाल्यावर, जेव्हा लक्षात येतं की सगळेच शॉट ओरडतायत आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. तेव्हा लागतं रिकामं आकाश, रेल्वेचं फाटक, चपलांचा जोड, पंखा, पाण्यावरचा उजेड, बंद होणारं दार, कुणाचे तरी नुसते हात. सीन बघताना यांच्याकडे लक्षच जात नाही. म्हणून एक आख्खा राउंड मी फक्त भरणीसाठी बघतो, माणसं दिसली की पुढे. तुझ्या कॅरॅक्टरवाल्या फोल्डरमध्ये तर हे शॉट आलेच नसतील, कारण त्यांच्यात कॅरॅक्टरच नाही.

सीन आपोआप ओळखणारी टूल्स आहेत, पायसीनडिटेक्ट फुकट आहे, ते प्रत्येक कटची वेळ काढून देतं. वापर, पण त्याच्याकडून फाइल्स कापून घेऊ नकोस, फक्त कटच्या वेळांची यादी घे. फ्लॅश झाला किंवा कॅमेरा जोरात फिरला की ते फसतं, आणि एका भागाचे शेकडो शॉट तुझ्यासमोर टाकतं ज्यातला चांगला कुठला हे तुलाच बघायचंय.

टॅग झाले की मी सर्चवर फार अवलंबून राहत नाही, हे ऐकून हसशील. 'हवाच' वाल्या सगळ्या क्लिप्स एका वेगळ्या टाइमलाइनवर ओळीने टाकतो, आमच्याकडे तिला सिलेक्ट्स म्हणतात. हालचालीप्रमाणे गट करून, आधी सगळे मान वळवणारे, मग पळणारे, मग आदळणारे, मग स्थिर. काही सुचेनासं झालं की ती टाइमलाइन नुसती पुढेमागे ओढायची. टॅग लिहिताना जे सुचलं नव्हतं ते डोळ्याला दिसतं, की अरे या दोन शॉटमध्ये हाताचा आकार अगदी सारखा आहे, हे तर शेजारी शेजारी लागले पाहिजेत. असं सर्चमध्ये कधी सापडत नाही.

इथपर्यंतचं एकदा जुळवून सांगतो म्हणजे हरवणार नाहीस: मूळ भाग अख्खे, प्रॉक्सी, फ्रेमरेट, मग गाण्याचा नकाशा, मग म्यूट करून ठोक्यावर मार्कर, ठरलेल्या शब्दांचे टॅग, भरणीचा वेगळा राउंड, शेवटी सिलेक्ट्सची टाइमलाइन.

मग त्या ६४० क्लिप्सचं काय, फेकायच्या का? नाही. सगळ्या एका टाइमलाइनवर टाक, सरासरी तीन सेकंद धरले तर बत्तीस मिनिटांचा ऐवज आहे, एका बैठकीत बघून होतो. ज्या बघताना हात आपोआप थांबतो तेवढ्याच निवड, शे-दोनशे निघतील, आणि त्या मूळ भागात कुठे आहेत ते शोधून तिथे मार्कर लाव. क्लिपमधला डायलॉग आठवला तर सबटायटलच्या फाइलमध्ये तो शब्द शोध, वेळ लगेच मिळते, त्या फाइल बहुतेक साध्या टेक्स्टच्या असतात. उरलेल्या तशाच राहू देत, अडलं तर बघायला.

एडिट करताना एक शिस्त ठेव, वापरलेल्या क्लिपचा रंग बदलायचा. अ‍ॅनिमेत तेच तेच शॉट परत येतात, रूप बदलण्याचे सीन, फ्लॅशबॅक, मध्येच येणारा आख्खा रिकॅपचा भाग, त्यामुळे तुला वाटतं वेगळी क्लिप आहे आणि असतो तोच शॉट दुसऱ्या भागातला. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट फ्रेम दाखवायचा ऑप्शन आहे पण तो एकाच फाइलमधली पुनरावृत्ती पकडतो, दोन भागांतली नाही. आपल्या डेली सोपवाल्यांना तर विचारूच नका, तोच रिअ‍ॅक्शन शॉट तीन बाजूंनी, मग उद्याच्या सुरुवातीला परत, मग पुढच्या आठवड्यात फ्लॅशबॅकमध्ये पांढऱ्या धुक्यातून परत. तिथे मी पहिल्यांदा आलेला शॉटच टॅग करतो, नंतरच्यावर इफेक्ट चढवलेले असतात. आणि शेकडो भागांची सिरियल असेल तर सगळं बघायचा हट्ट धरू नये, कुठल्या भागात काय घडलं याच्या याद्या फॅन लोकांनी केलेल्या असतात, त्यावरून वीस-पंचवीस भाग निवडायचे.

डिस्कचं शेवटचं. प्रोजेक्टचा एकच मुख्य फोल्डर कर, आत मूळ भाग, प्रॉक्सी, गाणं, प्रोजेक्ट फाइल, एक्सपोर्ट असे पाच, आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत काहीही हलवू नकोस, नावही बदलू नकोस. बाहेरची डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज कधीकधी तिला वेगळं अक्षर देतं आणि सगळ्या क्लिप्स लाल होऊन 'मीडिया ऑफलाइन' येतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एक अक्षर कायमचं देऊन टाक. प्रोजेक्ट फाइल अगदी छोटी असते, ती रोज गूगल ड्राइव्हवर किंवा स्वतःला मेल करून ठेव, कारण मूळ भाग परत मिळतात पण तुझे मार्कर परत मिळत नाहीत.

व्हिडिओ झाला की प्रॉक्सी उडव, त्या कधीही परत बनतात. प्रोजेक्टची एक कॉपी कर, त्यातून गाणं आणि फायनल टाइमलाइन काढून टाक, 'वापरली' वाला रंग पुसून टाक, आणि मार्कर-टॅग-सिलेक्ट्स तसेच ठेव. याच सिरीजवर दुसरं गाणं घेशील तेव्हा थेट नकाशापासून सुरुवात करता येईल, फक्त 'हवाच' चे रंग परत लावावे लागतील, कारण ते जुन्या गाण्यासाठी हवेच होते.